‘रिव्हील’ने नेमकं काय मोजलं?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘ग्राहककेंद्री चर्चमुळे आध्यात्मिक वाढ होत नाही, हे विलो क्रीकच्या अभ्यासाने सिद्ध झाले आहे.’ मॅडमनी ‘सिद्ध’भोवती गोल काढला आणि बाजूला एवढंच लिहिलं : ‘कसं?’ मला उत्तर देता आलं नाही. कारण मूळ पुस्तक मी वाचलंच नव्हतं, त्याच्यावरचे चार लेख तेवढे वाचले होते. हे तुमच्याही बाबतीत होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी पार्श्वभूमी. शिकागोजवळचं विलो क्रीक चर्च १९७५ साली एका सिनेमा थिएटरात सुरू झालं. पाळक बिल हायबेल्स आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्याआधी घरोघर जाऊन विचारलं होतं, की तुम्ही चर्चला का जात नाही? सारखे पैसे मागतात, कंटाळा येतो, आमच्या जगण्याशी त्याचा संबंध नाही, अशी उत्तरं आली. मग शनिवार-रविवारची सभा या न येणाऱ्या माणसाला समोर ठेवून बेतली गेली : बँड, छोटी नाटुकली, रोजच्या अडचणींवरचं प्रवचन. आधीपासून विश्वास असलेल्यांसाठी आठवड्याच्या मध्ये वेगळी उपासना. हजारो लोक येऊ लागले आणि हा साचा जगभर उचलला गेला.

२००७ मध्ये याच चर्चच्या ग्रेग हॉकिन्स आणि कॅली पार्किन्सन यांचं ‘रिव्हील’ हे पुस्तक आलं. सर्वेक्षणाच्या आधारे त्यांनी माणसांचे चार टप्पे पाडले : ख्रिस्ताचा शोध घेणारे, ख्रिस्तात वाढणारे, ख्रिस्ताच्या जवळ असलेले आणि ख्रिस्तकेंद्री. निष्कर्ष असा, की चर्चच्या कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरचं आणि माणसांवरचं प्रेम आपोआप वाढत नाही. शिवाय काही जण अडकलेले, काही असमाधानी. आणि असमाधानी लोकांत चांगले निष्ठावंतही. आपली चूक झाली, असं हायबेल्स जाहीरपणे म्हणाले. टीकाकारांना आयताच पुरावा मिळाला. (माझ्यासकट.)

आता पुस्तक उघडा. हा क्रॉस-सेक्शनल अभ्यास आहे. म्हणजे पहिल्या टप्प्यातली माणसं वेगळी आणि चौथ्या टप्प्यातली वेगळी. एकच माणूस पहिल्यावरून चौथ्यावर जाताना कोणी पाहिलेला नाही. तालमीत दहा वर्षं येणाऱ्या आणि कालपासून येणाऱ्या पोरांचे दंड एकाच दिवशी मोजले, तर जे मधेच सोडून गेले त्यांचं काय? ते मोजपट्टीखाली आलेच नाहीत. इथेही तसंच. चर्च सोडून गेलेल्या माणसाचा प्रवास यात दिसत नाही, आणि या प्रश्नात तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. ‘वाढ’ हा शब्द वापरायचा तर वेळ मोजायला हवा ना?

दुसरं, चल एकमेकांत मिसळलेत. या मालिकेच्या पुढच्या पुस्तकांत वाढीचं सर्वांत मोठं कारण म्हणून पवित्र शास्त्रावरचं चिंतन पुढे येतं. पण स्वतःला ख्रिस्तकेंद्री म्हणवणारा माणूस ‘मी रोज बायबल वाचतो’ असंही सांगणारच. हे कारण, परिणाम, की एकाच गोष्टीचं दोनदा मोजमाप?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. या अभ्यासाच्या आखणीत ब्रँड स्ट्रॅटेजीतल्या तज्ज्ञाची मदत होती. लोकांचे गट पाडणं, गरजा शोधणं, समाधान विचारणं ही सगळी बाजार संशोधनाचीच हत्यारं. ग्राहककेंद्री पद्धत चुकली हे ग्राहक सर्वेक्षणातून ठरवलं गेलं! ग्राहक नाराज असला की दुकानाचं चुकलं, हे ठीक. पण भक्त नाराज असला तर? तुकोबांच्या हातात समाधानाची प्रश्नावली दिली असती, तर ते ‘अडकलेले’ या गटात पडले असते, अशी मला दाट शंका आहे. अस्वस्थता हे वाढ थांबल्याचं लक्षण आहे की वाढ चालू असल्याचं, हे त्या प्रश्नांतून कळतच नाही.

एक मात्र मानायला हवं. स्वतःला गैरसोयीचे निष्कर्ष त्यांनी दडपले नाहीत, छापले. हजेरी मोजली म्हणजे भक्ती मोजली असं होत नाही, हा त्यांचा इशारा मला पटतो. पण ‘ग्राहककेंद्री विरुद्ध पारंपरिक’ अशी तुलना करायला हा अभ्यास मांडलेलाच नव्हता. २०११ च्या ‘मूव्ह’ या पुस्तकात तर हजार चर्च आहेत आणि ती सगळी काही विलो क्रीकच्या साच्यातली नाहीत. मग दोष त्या साच्याचाच, हे कुठून काढायचं?

याच चर्चवर जी. ए. प्रिचर्ड यांचा पीएचडीचा अभ्यास आहे, १९९६ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. ते आत जाऊन बसले, ऐकलं, लोकांशी बोलले. किती लोक वाढले हा आकडा त्यात मिळणार नाही, पण ‘गरज भागवणं’ ही भाषा प्रवचनात शिरल्यावर देवाबद्दलचं बोलणं कसं बदलतं, ते दिसतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, आधी प्रिचर्ड.

माझं ते वाक्य अर्थातच गेलं. ‘रिव्हील’ आता पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात नाही, ते तिसऱ्या प्रकरणात प्राथमिक साधन म्हणून आलंय : चर्च स्वतःकडे कसं बघतं, याचा दस्तऐवज म्हणून. मॅडमनी या वेळी गोल काढला नाही, फक्त ‘प्रश्नावली परिशिष्टात जोडा’ म्हणाल्या.