राधेचे प्रकरण कुठे आहे?

गेल्या सहामाहीत आमच्या घरच्या मुलाचा एक गुण गेला. ‘कर्णाची आई कोण?’ या प्रश्नाला त्याने ‘राधा’ असे उत्तर लिहिले होते. कन्नड शाळेतल्या बाईंनी त्यावर लाल रेघ ओढून ‘कुंती’ लिहिले. मुलगा नऊ वर्षांचा. फॉस्टर केअरच्या, म्हणजे प्रतिपालनाच्या, व्यवस्थेतून दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आला. पेपर पुढ्यात ठेवून तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. कपाटातून ‘मृत्युंजय’ काढले.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 ची. आजऱ्याचा हा लेखक आम्हा सीमेवरच्यांना शेजारचाच; आमच्या पिढीने रात्री जागून तो वाचला. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने कथा सांगतात. मुलाला सोडणारी आई बोलते, पत्नी बोलते, सूताघरचा भाऊ बोलतो. नदीतून आलेले मूल उराशी धरणारी राधा मात्र निवेदकांत नाही. पूर्वी हे कधी खटकले नव्हते. या वेळी खटकले.

सावंतांचे श्रेय मला नाकारायचे नाही. शोणाला स्वतंत्र निवेदन देऊन त्यांनी त्या घरातली माया कादंबरीत आणली. पण भावाची माया वेगळी आणि रात्री-अपरात्री उठणाऱ्या आईचा सांभाळ वेगळा. कोवाडच्या रणजित देसाईंनी 1973 मध्ये आपल्या कादंबरीला ‘राधेय’ हे नाव दिले. मुखपृष्ठावर राधा आली. पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात उरतो तो मात्र एकाकी कर्णच.

माझा आक्षेप असा आहे. कर्णाची कथा ‘चुकीच्या घरी वाढलेला राजपुत्र’ अशी वाचली, की राधेचे घर नुसता मुक्काम ठरते. व्यासांनी तसे केलेले नाही. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो. त्या वेळी कर्ण दुर्योधनाचे उपकार सांगतोच. पण त्याआधी राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे संस्कार केले, नाव ठेवले, हे सांगतो. सांभाळाचा हिशेब त्याच्या तोंडी इतका रोकडा आहे. आणि जिला आपण ‘खरी आई’ म्हणतो ती कुंती? ती शूराची कन्या पृथा. कुंतिभोजाला दिली गेली म्हणून कुंती. म्हणजे तिचे नावही सांभाळणाऱ्याच्याच घरचे!

कुंतीला कथेतून काढा, असे मी म्हणत नाही. प्रतिपालनात मूल शक्य तर आपल्या मूळ घरी परतावे, हाही हेतू असतो. तिथे जन्मदेचे दुःख खोटे ठरवून चालत नाही. पण कायद्यानेही सांभाळाला किंमत दिली आहे. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, मूल दत्तक देण्यास कायद्याने मोकळे असेल, तर दोन वर्षे सांभाळ केलेल्या कुटुंबाला ते दत्तक मागता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. आमचे सहा महिने उरले आहेत. नातेवाईक अजून ‘रक्त कुणाचं?’ असेच विचारतात. त्यांना हा प्रश्न कुणी शिकवला, याचा विचार करताना मला आमची लाडकी पुस्तके आठवतात.

कन्नडात अशा आईला ‘साकुतायी’ म्हणतात. ‘साकु’ म्हणजे सांभाळ. आणि ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’ही. आपल्याकडे ‘मानलेली आई’ म्हणतात. मानलेली म्हणजे खरी नव्हे, असा वास त्या शब्दाला येतो. आमचा मुलगा जन्म देणारीला ‘अव्वा’ म्हणतो आणि माझ्या पत्नीला ‘आई’. दोन भाषांच्या गावात दोन शब्दांचे भांडण त्याला दिसत नाही.

चार दिवसांनी मी त्याला विचारले, “अरे, दोघींची नावं का नाही लिहिलीस?”

तो म्हणाला, “उत्तराला ओळ एकच होती.”