तोतया ठरण्याआधी

सदाशिवरावभाऊंनी १७६० साली निजामाला नमवले ते उदगीर आमच्या जळकोटच्या शेजारचे. पुढे वर्षभरातच, १४ जानेवारी १७६१ रोजी, भाऊ पानिपतच्या गर्दीत दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज सांगतो, आधी शिर नसलेले धड सापडले, ते अंगावरच्या खुणांवरून ओळखून दहन केले. तरी भाऊ जिवंत असल्याची वावडी उठली. भाऊ म्हणवणाऱ्या एकाला १७७६ मध्ये पुण्यात देहान्त शासन झाले.

न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ याच प्रकरणावरचे. माझी हरकत शीर्षकापासूनच आहे. पडदा उघडण्यापूर्वीच निकाल लागतो. मग हा माणूस लोकांना खरा का वाटला, हे कोण विचारणार? ऑस्ट्रेलियाच्या रानात १८४८ मध्ये हरवलेल्या लाइकहार्टवरून पॅट्रिक व्हाइटने ‘व्हॉस’ (१९५७) लिहिली. तिच्यात वीस वर्षांनी परतलेला साक्षीदार दोन मेलेल्या माणसांची गल्लत करतो, आणि वाचकाच्या हाती शंकाच उरते.

आपल्याकडे ही शंका पार्वतीबाईंनी सांभाळली. हे नाटक मला त्यांच्या बाजूने वाचावेसे वाटते. १७८३ साली त्या वारल्या, तोवर त्यांनी वैधव्य पत्करले नव्हते. धडाची हकीकत त्यांना पुरेशी वाटली नसावी.