बॅटरीचा खटका: एका बटणाची समीक्षा

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल: हातातल्या बॅटरीचं बटण. पुस्तकी मराठीत तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च, आणि गावात बॅटरी. आम्ही आज बॅटरीच म्हणणार आहोत. बॅटरी चांगली की वाईट हे ठरवताना आपण उजेड किती लांब जातो आणि चार्जिंग किती टिकतं, एवढंच बघतो. आम्हाला दुसराच प्रश्न विचारायचा आहे. अंधारात, घाईत, एका हाताने ती वापरणाऱ्या माणसाला ही वस्तू किती गोष्टी लक्षात ठेवायला लावते?

आधी जुनी बॅटरी आठवू. पत्र्याची, दोन मोठ्या सेलांची. तिला सरकता खटका असायचा. पुढे ढकलला की चालू, मागे ओढला की बंद. बऱ्याच बॅटऱ्यांवर खटक्याजवळ एक छोटं बटणही असे. ते दाबून धरलं तेवढ्यापुरता उजेड पडायचा. या रचनेचं मोठेपण असं की बॅटरी कुठल्या स्थितीत आहे हे उजेड पडण्याआधीच अंगठ्याला कळतं. खटका पुढे आहे आणि तरी उजेड नाही, म्हणजे सेल संपले किंवा बल्ब गेला. शिकवावं काहीच लागत नाही.

हे जुन्याचं गुणगान नव्हे. तो खटका पिशवीत घासून आपोआप सरकायचा आणि गावी पोचेपर्यंत सेल उतरलेले असायचे. त्यावर लोकांनी उपाय काढला होता: प्रवासात दोनपैकी एक सेल उलटा घालायचा. दोन्ही सेल एकमेकांच्या विरुद्ध लागले की प्रवाह वाहत नाही. हे घरगुती कुलूपच म्हणायचं. मात्र आजच्या लिथियम सेलच्या बॅटरीत हा प्रयोग करू नका, तो धोक्याचा आहे.

आता आजची स्वस्त एलईडी बॅटरी घ्या. तिला एकच रबरी बटण असतं. एकदा दाबलं की प्रखर, परत दाबलं की मंद, मग लुकलुक, आणि मग कुठे बंद. काहींत एसओएसही असतं. असं का होतं, हेही समजून घेतलं पाहिजे. एकच बटण पाण्यापासून बंदिस्त ठेवणं सोपं जातं. आत इलेक्ट्रॉनिक्स असतंच, त्यामुळे आणखी दोन मोड घालायला जवळपास खर्च येत नाही, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘५ मोड’ छापता येतं. उत्पादकाचा हिशोब चुकीचा नाही, पण त्यात वापरणारा माणूस कुठेच नाही.

ॲपलमध्ये मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या २००० सालच्या पुस्तकात बॅटरीचंच उदाहरण घेतलं आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: एकाच बटणाने चालू-बंद होणारी बॅटरी पिशवीत असेल, तर बटण दाबल्यावर ती लागेल की विझेल, हे उजेड बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कृती तीच, पण अर्थ दोन. आपल्या एलईडी बॅटरीत त्याच कृतीचे चार अर्थ झाले आहेत.

यात बिघडतं काय? शेतीपंपाची वीज रात्रपाळीला येते तेव्हा माणूस बांधावरून मोटर चालू करायला जातो. एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी. मण्यार रात्रीच फिरते. पुढचं पाऊल कुठे पडणार हे त्या उजेडावर ठरतं. अशा वेळी चुकून बटण दाबलं गेलं आणि लुकलुक सुरू झाली, तर जमीन तुकड्यातुकड्यांत दिसते, हालचाल नीट कळत नाही. घाईने परत दाबलं तर पूर्ण अंधार. शिवाय प्रकाशाने फिट येणाऱ्यांना सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक त्रासदायक ठरू शकते. आणि ही बॅटरी नुसती विझवायची तरी त्या लुकलुकीतूनच जावं लागतं.

यावर नेहमी उत्तर मिळतं, ‘दोन दिवसांत सवय होते हो.’ होते, पण कोणाला? ज्याने विकत घेतली त्याला. बॅटरी मात्र एकट्याची नसते. ती खुंटीला असते, फडताळात असते. वीज गेली की जो जवळ असेल तो उचलतो: आजी, पाहुणा, शेजारचं पोर. मालकाची सवय त्यांच्या हातात उतरत नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. मोबाइल एका माणसाचा असतो, बॅटरी सगळ्या घराची असते. तिचं बटण पहिल्यांदाच हात लावणाऱ्यासाठी घडवलं पाहिजे.

हौशी लोकांनी यावर बराच विचार केला आहे. अँडुरिल नावाची एक मुक्त प्रणाली अनेक महागड्या बॅटऱ्यांत असते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत बॅटरी सुरुवातीला ‘साध्या’ रूपात मिळते. एका टिचकीत चालू, एका टिचकीत बंद, दाबून धरलं की उजेड वाढतो. लुकलुक प्रगत रूपात दडवलेली. हे उत्तम आहे. बंद असताना चार टिचक्या दिल्या की कुलूप लागतं, आणि तेही गरजेचं आहे, कारण हजार लुमेनच्या वरची बॅटरी खिशात चुकून लागली तर कापड भाजू शकतं. पण हे कुलूप हाताला लागत नाही. कुलपातही बटण दाबून धरलं तर मंद उजेड मिळतो, ही चांगली सोय; तरी चार टिचक्या माहीत नसलेल्या आजीच्या लेखी ती बॅटरी बिघडलेलीच. त्यापेक्षा काही बॅटऱ्यांचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की जोडणी तुटते, ते कुलूप बरं. सैल झालेलं बोटांना कळतं.

म्हणून आमच्या मागण्या चारच आहेत. चालू बॅटरी कुठल्याही मोडमधून एका दाबात विझावी. लुकलुक हवी असेल तर ती वेगळ्या खटक्यावर ठेवा. पहिल्या दाबाला रोज तोच उजेड मिळावा. आणि कुलूप बोटांना कळावं. यातलं काहीही अशक्य नाही. काही हेडलॅम्पमध्ये एका मोडवर काही सेकंद गेले की पुढचा दाब थेट बंद करतो. म्हणजे एक बटण ठेवूनही सुधारणा होते.

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर खोक्यावरचे मोड मोजू नका. बॅटरी चालू करून बरोबरच्या माणसाच्या हातात द्या आणि काही न सांगता विझवायला सांगा. त्याला ती एका दाबात विझवता आली नाही, तर दुकानदाराला तसं सांगून परत करा. गिऱ्हाईक का परत गेलं, हे त्यालाही कळलं पाहिजे.

आता आपण प्रश्न घेऊ.