अणुबाँबोत्तर छायाचित्रण, जपानी

हिरोशिमा (६ ऑगस्ट १९४५) व नागासाकी (९ ऑगस्ट १९४५) येथील अणुबाँबहल्ल्यांच्या मानवी जीवनावरील दीर्घकालीन परिणामांची नोंद करणारे छायाचित्रण. हिरोशिमातील स्फोटाच्या दिवशी योशितो मात्सुशिगे याने घेतलेली पाच छायाचित्रे उपलब्ध आहेत. तथापि अमेरिकी अंमलातील प्रसिद्धिनियंत्रणामुळे १९५२ पर्यंत अशी चित्रे जपानी वाचकांपुढे फारशी आली नाहीत.

केन दोमोन १९५७ मध्ये हिरोशिमास गेला. बारा वर्षांनंतरही चालू असलेल्या शस्त्रक्रिया, अनाथ मुले व बाधितांचे संसार त्याने हिरोशिमा (१९५८) या ग्रंथात अत्यंत जवळून दाखविले. ही निकटता वाचकास नजर वळवू देत नाही. मात्र व्रणावरच दृष्टी खिळल्याने क्वचित व्यक्ती लोपते व केवळ रुग्ण उरतो.

शोमेइ तोमात्सुच्या ११:०२ नागासाकी (१९६६) या ग्रंथात व्रणांकित चेहऱ्यांबरोबर वस्तूही साक्ष देतात. स्फोटाच्या क्षणी थांबलेले मनगटी घड्याळ त्यांपैकी एक. वितळून वाकलेली बाटली प्रथमदर्शनी सोललेल्या प्राण्याच्या धडासारखी भासते. येथे धोका उलट आहे : आकाराच्या सौंदर्यात यातनेचा विसर पडू शकतो आणि चित्राचा अर्थ माहितीवाचून पूर्ण होत नाही. पण पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरातील दैनंदिन जीवनही त्याने टिपल्यामुळे बाधित व्यक्ती केवळ करुणेचा विषय राहत नाहीत.

स्फोटाचा प्रचंड ढग दाखविणाऱ्या सुपरिचित चित्रांत माणूस दिसत नाही. ही उणीव दोघांनी भरून काढली, हे त्यांचे खरे कार्य होय.