टाकीवरचा झेंडा आणि मिस्त्र्याचा हात

‘ईझी रायडर’ हा अमेरिकन चित्रपट १९६९ साली आला. दोन गोरे तरुण मोटारसायकलींवरून स्वातंत्र्य शोधत न्यू ऑर्लिन्सकडे निघतात, अशी त्याची कथा. पीटर फोंडा व डेनिस हॉपर हे नट गाजले. पण जगाने बंडखोरीचे प्रतीक म्हणून उचलली ती फोंडाची गाडी. लांब काढलेला पुढचा फोर्क, उंच हँडल, टाकीवर रंगवलेला अमेरिकेचा झेंडा, नाव ‘कॅप्टन अमेरिका’. ही गाडी बांधली बेन हार्डी या कृष्णवर्णीय मिस्त्र्याने, दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या आपल्या गॅरेजात. तिच्या आखणीत आणि ती बांधून घेण्यात पुढाकार होता क्लिफर्ड व्हॉझ या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याचा. चित्रीकरण सुरू झाल्यावर व्हॉझ यांना निर्मितीतून बाजूला काढले गेले. श्रेयनामावलीत दोघांचेही नाव नाही.

‘अन्याय झाला’ एवढे म्हणून समीक्षेचे काम संपत नाही. जे वगळले गेले, त्याचा अर्थ लावला पाहिजे. चित्रपटासाठी चार गाड्या बांधल्या गेल्या त्या पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसनपासून. आता ऑगस्ट १९६५ आठवा. याच दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागात मोटारसायकलवरच्या एका गोऱ्या पोलिसाने कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवली आणि वस्ती पेटली. ३४ माणसे मेली. त्यानंतर तीनेक वर्षांत त्या भागातला एक मिस्त्री पोलिसांच्या गाड्या कापतो, त्यांचा अंगरखा उतरवतो आणि त्यांतून वेगळेच वाहन उभे करतो! ‘ईझी रायडर’वरच्या लिखाणात झेंड्याची चर्चा भरपूर होते. माझ्या मते त्या गाडीतले पहिले बंड झेंड्याच्या खाली, चेसिसमध्ये आहे.

आणि ते काम काही हातोडा मारण्याचे नव्हे. चेसिसची मान कापून तिचा कोन बदलायचा, पुन्हा वेल्डिंग करायचे, वाढवलेल्या फोर्कची लांबी त्या कोनाशी जुळवायची. हिशेब चुकला तर कमी वेगात हँडल एका बाजूला कोसळते. कागदावरची रेघ स्वाराला सांभाळत नाही. तरीही पुढे श्रेयाचे दावे झाले ते ‘कल्पना कोणाची’ यावर. कल्पना करणारा कलावंत आणि ती लोखंडात उतरवणारा नुसता मेकॅनिक! ही विभागणी कुठली आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी काय सांगावे?

पण बोट स्वतःकडेही वळवले पाहिजे. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तिथल्या कवींना, कादंबरीकारांना, वक्त्यांना आपण जवळचे मानले. मिस्त्र्यांची नावे आपणही विचारली नाहीत. हा लेख लिहिताना माझेही मन पुन्हा पुन्हा व्हॉझ यांच्याकडेच धावत होते. ते विद्यार्थी चळवळीतले. १९६४ मध्ये मेरीलँडमधल्या केंब्रिज गावात सैनिक त्यांना ओढून नेत आहेत आणि सहकारी त्यांना धरून आहेत, असे डॅनी लायन यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. व्हॉझ बोलले, भांडले, मुलाखती दिल्या. माझ्यासारख्या घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला बोलणारा माणूस चटकन आपला वाटतो. वडिलांची हत्यारे खाली ठेवूनच आम्ही लेखणी धरली ना! हार्डी १९९४ मध्ये वारले. त्यांचे म्हणणे त्यांच्या कामातूनच वाचावे लागते, आणि तसे वाचण्याची सवय आमच्या समीक्षेला नाही.

चित्रपटात मादक द्रव्य विकून आलेला पैसा फोंडाचा नायक त्याच झेंड्याच्या टाकीत दडवतो. रूपक म्हणून याचे कौतुक झाले आहे. प्रत्यक्षात, शेवटच्या प्रसंगात एक गाडी मोडली आणि बाकीच्या चोरीला गेल्या. २०१४ मध्ये, त्या मोडलेल्या गाडीपासून पुन्हा जोडलेली म्हणून एक ‘कॅप्टन अमेरिका’ लिलावात आली. ती खरी की खोटी यावर वाद असतानाही साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली. व्हॉझ तेव्हा हयात होते. ते २०१६ मध्ये गेले. वाद चालला होता तो गाडीच्या अस्सलपणाचा.