बारा दिवसांत भारत

आमच्या ज्येष्ठांच्या क्लबात गेल्या महिन्यात एका सहल कंपनीचे हिब्रू पत्रक वाटले गेले. बारा दिवस, भारतातील 'पाहिलीच पाहिजेत' अशी स्थळे, यहुदी प्रवाशांसाठी खास आखणी. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण अशी पत्रके सगळ्यांचीच सारखी असतात. शिक्षकी पेशाची खोड जात नाही, म्हणून लाल पेन घेऊन बसले.

दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी याबद्दल तक्रार नाही. ताजमहाल पाहावाच. पण पत्रकात ताजमहाल शुक्रवारी ठेवला आहे, आणि शुक्रवारी तो पर्यटकांसाठी बंद असतो. दुसऱ्या दिवशी शब्बाथ. म्हणजे आमची मंडळी आग्र्याला जाऊन ताजमहाल नदीपलीकडून पाहणार! खास आखणी ती हीच काय?

पुढे 'भारतातील यहुदी वारसा' असा मथळा आहे. त्याखाली कोचीनचे परदेशी सिनेगॉग आणि मुंबईत काळ्या घोड्याजवळचे निळे सिनेगॉग, एवढेच. दोन्ही सुंदर आहेत. कोचीनचे 1568 चे. तिथल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या पाहत तासभर सहज जातो. निळे केनेसेथ एलियाहू ससून घराण्याने 1884 मध्ये बांधले. पण डेव्हिड ससून मुंबईत पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी, 1796 मध्ये, सामाजी हसाजी दिवेकरांनी आपली जुनी मशीद, शाआर हारहमीम, उभी केली होती. काळ्या घोड्यापासून सॅम्युएल स्ट्रीट टॅक्सीने फार लांब नाही. पत्रकात मात्र 'बेने इस्राएल' हे दोन शब्दही नाहीत. यात कोणाचा दुष्टावा आहे असे मला वाटत नाही. आपली देवळे साधी, गल्लीबोळातली; त्यांचे फोटो उठून दिसत नाहीत. ज्याचा फोटो चांगला येतो ते यादीत जाते.

मग नवगावचे काय? समुद्रातून वाचलेली सात जोडपी जिथे किनाऱ्याला लागली असे आपण मानतो, तिथे आज पूर्वजांचे स्मारक आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नवीचा टापा आहे. अजाण माणसाला तिथे खडक आणि खडकावरच्या खुणा दिसतील, आणि तो दोन मिनिटांत गाडीत जाऊन बसेल. त्याचा दोष नाही. आपल्या भाषेत पाहणे वेगळे आणि दर्शन घेणे वेगळे. सहल कंपनी पहिले विकू शकते, दुसरे नाही.

आता लाल पेन थोडे आपल्याकडेही वळवते. आपली यादी तरी काय असते? दादरला साड्या, नातेवाइकांकडे जेवण, अलिबाग, वडिलांची कबर, आणि परत. वेरूळवर मी शाळेत उत्तरे लिहून गुण मिळवले आणि लेणी पाहिली वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. कैलास लेणे वरून खाली कोरत आणले हे वाक्य पाठ होते. पण डोंगराच्या कडेवर उभे राहून खाली पाहिले तेव्हा कळले की एक घाव चुकला तर वरून दगड लावून भागणार नव्हते. हे पत्रक वेरूळ-अजिंठा पूर्ण वगळते. महाराष्ट्र म्हणजे मुंबईचा अर्धा दिवस! हा मला आपल्या सिनेगॉगांपेक्षाही मोठा दोष वाटतो. दुसऱ्या काही कंपन्या दोन्ही लेणी एका दिवसात उरकतात, तेही चूक. औरंगाबादहून वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा निराळ्या वाटेने शंभर. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याच्या अंधारात डोळे स्थिरावल्याशिवाय चित्रे दिसत नाहीत. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण डोली मिळते. आपल्या गुडघ्यांनी घाबरू नये.

नातवंडांची यादी तिसरीच. त्साव्यातून सुटले की कसोल, गोवा, हंपी. माझी नात महिनाभर गोव्यात होती. येताना तिची कोकण रेल्वेची गाडी रोह्यावरून, पेणवरून मुंबईकडे आली. माझ्या माहेरचे आडनाव पेणकर. तिने परतल्यावर मला सगळ्या किनाऱ्यांचे फोटो दाखवले आणि मी विचारले, "पेण लागले का?" तिने विचारले, "ते काय?" पस्तीस वर्षे मी परक्यांच्या मुलांना भूगोल शिकवला, आणि घरच्या मुलीला हे एक नाव सांगितले नाही. या पत्रकाला मी नापास करते आहे खरी, पण हा गुण माझाही कापला पाहिजे.

तिचा धाकटा भाऊ यंदा हागीमनंतर निघतो आहे. त्याच पत्रकाच्या पाठीमागे मी त्याला हिब्रू अक्षरांत लिहून दिले आहे: सॅम्युएल स्ट्रीट, नवगाव, खंडाळ्याचा टापा, वेरूळला एक पूर्ण दिवस. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते, तिथून अलिबागला बस. कुलाबा किल्ल्यात ओहोटी पाहून चालत जावे आणि भरतीच्या आत परत यावे. समुद्र खवळलेला असला आणि लाँच बंद असली, तर पनवेल-वडखळ मार्गे एसटीने जावे. त्या रस्त्यावर पेण लागते.