अंधारात कोण बसले आहे?

मार्क ट्वेन म्हटले की आपल्याला टॉम सॉयर आणि हकलबरी फिन आठवतात. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातही तो बालवाङ्मयाच्या कपाटातच आहे. १८९६ मध्ये तो व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबई, पुणे, बडोद्याला येऊन गेला, तोही विनोदकार म्हणूनच. पण फेब्रुवारी १९०१ च्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ मासिकातला ‘टू द पर्सन सिटिंग इन डार्कनेस’ हा त्याचा निबंध मोठ्यांसाठी आहे, आणि माझ्या मते त्याच्या उत्तम लेखनापैकी आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनला हरवले आणि २ कोटी डॉलर मोजून फिलिपीन्स बेटे घेतली. स्पेनशी आधीपासून लढणाऱ्या तिथल्या लोकांना स्वातंत्र्याऐवजी नवा धनी मिळाला. फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्ध पेटले. याच काळात अमेरिकेत सुधारणेचे वारे वाहत होते. शिकागोत जेन अ‍ॅडम्स यांचे ‘हल हाउस’ गरीब स्थलांतरितांसाठी झटत होते. अ‍ॅडम्सबाईंनी साम्राज्यविस्ताराला विरोध केला. उलट क्यूबात लढलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनीच पुढे अध्यक्ष म्हणून १९०६ मध्ये शुद्ध अन्नाच्या कायद्यावर सही केली. सुधारणा आणि विस्तार असे एकाच घरात नांदत होते.

ट्वेनने नेमके हे घर उघडे पाडले. त्याचा निबंध फिलिपीन्सपासून सुरू होत नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडमधील बकालीच्या बातमीवर तो आधी बोट ठेवतो. मग मक्तेदारीविरोधकांचा नावडता ‘ट्रस्ट’ हा शब्द उचलून तो संस्कृतिप्रसारालाच एक ट्रस्ट ठरवतो. गाठोड्याचे वेष्टन देखणे, त्यावरची नक्षी घरच्या वापराची. आतला माल मात्र निर्यातीचा. गिऱ्हाईक त्याची किंमत रक्त, जमीन आणि स्वातंत्र्य देऊन चुकवते. सगळे कसे दुकानदाराच्या शांत सुरात! चीनमधल्या मिशनऱ्यांवरचा भाग लांबतो आणि वर्तमानपत्री उताऱ्यांनी गती मंदावते, हे खरे. पण घाव चुकत नाही.

उणीव निराळीच आहे. ट्वेनच्या मालाच्या यादीत काचेचे मणी आहेत, तोफा आहेत, स्तोत्रांची पुस्तके आणि दारूही आहे. शाळेचे पुस्तक नाही. निबंधानंतर सहाच महिन्यांनी, ऑगस्ट १९०१ मध्ये, ‘थॉमस’ हे लष्करी वाहतुकीचे जहाज सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक घेऊन मनिलाला लागले. त्यांतले बहुतेक सद्हेतूनेच आले असतील. शाळा निघाल्या, मुले शिकली. पण माध्यम इंग्रजी. त्याचा हिशेब रेनातो कॉन्स्तान्तिनो या फिलिपिनो लेखकाने १९६६ मध्ये ‘द मिसएज्युकेशन ऑफ द फिलिपिनो’ या निबंधात मांडला. जिंकलेल्या लोकांची मने घडवण्याचे काम शाळेने केले, हे त्याचे म्हणणे. ट्वेनचा निबंध त्याच्यावाचून अपुरा आहे.

दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्याला हे फार समजावून सांगायला नको. दर जूनमध्ये नव्या मुलांसमोर मी ‘अज्ञानाच्या अंधारातून’ हे शब्द हमखास उच्चारतो. यंदा ते ओठाशी येऊन अडले. समोर कानडी घरांतली काही मुलेही बसली होती. त्यांना अंधारात बसलेली ठरवणारा मी कोण?

सुट्टीनंतर ट्वेनला मोठ्यांच्या कपाटात हलवायचे आहे. शेजारी कॉन्स्तान्तिनोसाठी जागा ठेवणार आहे.